पाटील मावशीचे मांडे

परदेशात पहिल्यांदा कुणी मला घरात चहाला बोलावलं, तेव्हा मी माझा स्टीलचा पेला पदराखाली लपवून नेला.

हसा. मीसुद्धा हसते. नातवंडांना सांगते तेव्हा पदर कसा धरला होता ते करूनही दाखवते. पण त्या दिवशी मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

शहर बिश्केक. देश किर्गिझस्तान. आधी तिथं कम्युनिस्टांचं राज्य होतं, रशियाशी जोडलेलं. ते मोडलं. राज्य मोडलं तरी त्यांनी बांधलेल्या इमारती उभ्या होत्या. राखाडी, पाचमजली, सगळ्या एका साच्यातून काढलेल्या. तशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आपल्याकडच्या डॉक्टरकीच्या पोरापोरींची मेस होती आणि मी तिथं स्वयंपाकीण होते. समोरच्या दारात एक म्हातारी राहायची. सगळे तिला एजे म्हणायचे. एजे म्हणजे मोठी बहीण. आपली अक्का. तिनं जिन्यात माझा हात धरला आणि आत ओढलं. म्हणाली, "चाय." चाय कळायला रशियन लागत नाही.

टेबलावर गोल नान होता, जर्दाळूचा मुरंबा होता, आणि निळ्या नक्षीचे, कान नसलेले, वाटीसारखे कप. एक तिनं माझ्यापुढे ठेवला. मी त्याला हात लावला नाही. पदराखालून माझा पेला काढला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. मला वाटलं, बाईला बरं वाटेल. हिची भांडी मी बाटवली नाहीत.

म्हातारीचा चेहरा उतरला. तिनं आपला कप खिडकीशी नेऊन उजेडात धरला. आत बोट फिरवलं. मग नळाखाली साबण लावून घासला, पुसला आणि परत माझ्यासमोर ठेवला. मी परत पेला पुढे केला. वर हसले. तेव्हा तिनं किटली उचलली आणि माझा पेला काठोकाठ भरला. इतका, की उचलताना बोटं भाजली.

मी मनात म्हटलं, काय दिलदार बाई आहे!

जिन्यात तेजस्विनी भेटली. एरंडोलकडची पोर, चौथ्या वर्षाला, रशियन फाडफाड बोलायची. तिला मी कौतुकानं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला.

"मावशी, काठोकाठ दिला? इथं पाहुण्याला अर्धाच कप देतात. संपला की पुन्हा ओततात, पुन्हा ओततात. पाहुणा बसावा म्हणून. भरून दिला म्हणजे प्या आणि निघा."

म्हणजे मी तिच्या घरी जाऊन तिला सांगून आले होते की तुझी भांडी घाण आहेत. आणि तिनं मला हाकलून दिलं होतं. आणि मी आभार मानून आले होते. हात जोडून.

ती बाई, म्हणजे मी, पन्नाशीला आलेली होती. विधवा होती, दोन पोरं वाढवलेली होती, भीमजयंतीला डोक्यावर कलश घेऊन चाललेली होती. भाषणं ऐकलेली होती. टाळ्या वाजवलेल्या होत्या. आणि विमानात बसून, ढग ओलांडून, डोंगर ओलांडून, जिथं तिची जात विचारणारं कुत्रं नव्हतं तिथं जाऊन, ती स्वतःचा पेला स्वतः वाहत होती.

पेला कुठून आला ते सांगते.

आमचं गाव धुळे तालुक्यातलं. आम्ही भीमवाड्यातले. माझ्या हाताला मांडे होते. खापराचे मांडे. उलट्या खापरावर टाकायचे, पण त्याआधी पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत ताणायची. पलीकडचा दिवा दिसला पाहिजे इतकी. आमच्या लोकांच्या लग्नात मांडे माझेच. वरच्या आळीत मात्र माझा मांडा कधी गेला नाही. वास जायचा. वासाला कोण अडवणार.

आमच्यातल्याच एका साहेबाच्या लेकीचं लग्न होतं धुळ्यात. तिथं एक मोठा माणूस जेवायला आला. पोरांना परदेशी डॉक्टरकीला पाठवायचा त्याचा धंदा होता. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. मांडा खाल्ला आणि आत येऊन विचारलं, "हात कोणाचा?" बाहेरच्या देशात त्याची मेस होती, तिथं पोरं खान्देशी जेवणासाठी रडायची. त्यानं मला नेलं. खापर मी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन गेले. विमानतळावरच्या साहेबानं त्याच्यावर टकटक केलं, आत वाकून पाहिलं आणि मला विचारलं, ही टोपी आहे का.

पहिल्याच दिवशी भाऊंच्या बायकोनं, वहिनीनं, मला एक ताट आणि एक पेला दिला. दोन्हीच्या तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. म्हणाली, "हे बघ बाई, इथं कुणाला माहीत नाही. पण आपल्याला तर माहीत आहे ना?"

मग भाऊ म्हणाले, "पोरांसमोर तू पाटील मावशी. आईबाप लांबून लेकरं पाठवतात, त्यांना जेवणाची काळजी असते. कोणी विचारलं तर पाटील म्हणायचं. समजलं?"

समजलं. बाहेर पाटील, आत ठिपका. पोरं टेबलावर जेवायची, भाऊ-वहिनी टेबलावर जेवायचे, मी गॅलरीत. थंडीत तिथं नळ गोठायचा. कणीक मी मळायची, पुरण मी वाटायची, त्या हातांनी ताणलेला मांडा वहिनी तूप ओतून खायची. हात चालत होता. हातामागची बाई चालत नव्हती.

आणि ती येडी खूश होती. फुकटात पाटील झाले म्हणून बाजारात मान वर करून चालायची. तिथल्या बटाटेवाल्या बायांना काय ठाऊक पाटील कोण न् फुटाणा कोण!

दुसऱ्या दिवशी मी तेजस्विनीला घेऊन एजेकडे गेले. माफी मागायला. हातात ठिपक्याचा पेला होता, दाखवायला. तेजस्विनीनं काहीतरी सांगितलं. मला एवढंच कळलं की ती अडखळते आहे. म्हातारीनं पेला उलटा केला, ठिपका पाहिला आणि एक शब्द विचारला. मी विचारलं, काय म्हणते?

"विचारते, तुम्हाला क्षय आहे का."

त्या इमारतीत वेगळा पेला एकाच कारणासाठी ठेवत. छातीचा रोग. मी मान हलवली, नाही. म्हातारी म्हणाली, मग? तेजस्विनीकडे पाहत म्हणाली. ती पोर लालबुंद झाली. तिच्या घरी एरंडोलला केळीची बाग, कापूस, सालदार. त्या सालदाराचा चहाही बाहेरच, ओट्यावर. तिला उत्तर माहीत होतं. तिनं ते दिलं नाही. जमिनीकडे बघत राहिली.

मला राग यायला पाहिजे होता. मला लाज वाटली. मग लाजेची लाज वाटली. आणि तिथून पुढे राग आला तो अजून गेलेला नाही. जाऊ दिलेला नाही. विस्तव राखेत ठेवतात तसा ठेवलाय.

एजेनं निळा कप काढला. अर्धा भरला. मी प्याले. पुन्हा अर्धा. पुन्हा प्याले. संध्याकाळ झाली तरी ती ओततच होती.

पुढे माझं रोज तिकडे जाणं सुरू झालं. भाषा मोडकी, पण हातवारे चांगले. ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. राज्य मोडलं, कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, त्या जागेवर आता चिनी कपड्यांचा बाजार भरतो. पेन्शन तुटपुंजं. हिवाळ्यासाठी ती गाजरं-कोबी मिठात घालून बरण्या भरायची, निम्म्या फाटकाजवळ बसून विकायची. जुन्या दिवसांचं सांगायला लागली की डोळे चमकायचे. डायरेक्टर असो की झाडूवाला, हातात ट्रे घेऊन एकाच रांगेत. मी म्हटलं, खरंच? ती म्हणाली, खरंच. मग हळूच म्हणाली, डायरेक्टर रांगेतला रस्सा घ्यायचा, पण चांगलं मटण त्याच्यासाठी आतल्या खोलीत जायचं. नेणारी मीच.

म्हणजे आतली खोली तिथंही होतीच. उगीच स्वर्ग सांगत नाही मी. ही म्हातारीसुद्धा डोंगरातून आलेल्या लोकांना नाकं मुरडायची, जिन्यात चिखल आणतात म्हणून. पण तिच्या सगळ्या आयुष्यात, जेवणाऱ्यांपैकी एकानंही रांगेत थांबून विचारलं नव्हतं की रस्सा ढवळणारी कुणाची लेक आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडायची. हिवाळा लागला की शहराबाहेरच्या मोठ्या धुराड्याखालून गरम पाणी नळांतून घराघरात यायचं. बटण कुणाच्याच घरात नाही. सरकार ज्या दिवशी सोडेल त्या दिवशी. त्या जिन्यात वर प्रोफेसर राहायचा, खाली ट्रॉलीबस चालवणारी बाई, तिच्या शेजारी जिना झाडणारी. पाणी सुटेपर्यंत सगळे घरात कोट घालून कुडकुडायचे, आणि एक दिवस सगळ्यांच्या भिंती एकदम ऊन व्हायच्या. जिन्यात दारं उघडून लोक एकमेकांना सांगायचे, आलं, आलं! आमच्या गावात पाण्याची टाकी झाली तेव्हा पाइप भीमवाड्याच्या अलीकडेच संपला होता. मी त्या गरम नळाला पाठ लावून उभी राहायची. पाठ शेकायची आणि डोकं तापायचं.

अशाच एका दिवशी सगळे कॉलेजात आणि वहिनी बाजारात असताना मी सुरी घेतली आणि माझ्या पेल्याचा ठिपका खरवडून काढला. ताटाचाही. घासून लख्ख केले आणि कपाटात सगळ्या पेल्यांत, सगळ्या ताटांत मिसळून टाकले.

मग मजा बघा. वहिनीला दुपारी कळलं. कपाट उघडून एकेक पेला उजेडात धरून तळ बघते, नखानं खरडते, वास घेते! सगळे एकाच दुकानातले. तिला मला विचारता येईना, कारण पोरं टेबलावर बसलेली. मी पोळ्या लाटते आहे आणि गुणगुणते आहे. त्या दिवसापासून रोज तो पेला कुणाच्या तरी ओठाला लागत होता. आज भाऊंच्या, उद्या वहिनीच्या, परवा आणखी कुणाच्या. वहिनी पाणी पिण्याआधी क्षणभर थांबायची. तो क्षण मी डोळे भरून बघायची. शेवटी तिनं स्वतःसाठी वेगळा काचेचा पेला आणला. ठेवा म्हटलं. आता तुमचा वेगळा.

पण एवढ्यानं माझं पोट भरलं नव्हतं. पेला मिसळला होता, मी नव्हते मिसळले. पोरांच्या तोंडी मी अजून पाटील मावशीच होते. माझ्या हाताची तारीफ दुसऱ्याच बाईच्या नावावर जमा होत होती.

उन्हाळ्यात पोरांचे आईबाप आले. धुळ्याचे, जळगावचे, चोपड्याकडचे. भाऊंनी मोठं जेवण ठेवलं. म्हणाले, "मांडे पाहिजेत. इज्जतीचा प्रश्न आहे." मी म्हटलं, होय भाऊ, इज्जतीचाच आहे.

समोरच्या एजेलाही बोलावलं होतं, धुराची तक्रार करू नये म्हणून. मी पहाटेपासून खापराशी होते. आमरस डब्यातला होता, पण मांडे असे उतरले की त्याआधी कधी उतरले नव्हते. मी मुद्दाम जीव ओतत होते. खाऊ द्या म्हटलं. घास अडता कामा नये. पोटभर खाऊ द्या.

तेजस्विनीची आई पहिल्या पंगतीला होती. गळ्यात ठसठशीत सोनं, तोंड गोड. दोन मांडे संपवले, तिसरा घेतला.

"माय वं! कसा मऊ शेतस! आमनाकडे आशी सुगरण नही राहिनी आते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कोनता गावना पाटील शेतस, अक्का?"

भाऊ पटकन म्हणाले, "अहो, त्या सोनगीरकडच्या. जेवा तुम्ही, जेवा."

"सोनगीरना? मन्ही मावशी सोनगीरमा दिएल शे! कोना घरना?"

मी तिला आणखी एक अर्धा वाढला. संपेपर्यंत थांबले. तिनं बोटं चाटली. तृप्त ढेकर दिला. तेव्हा मी सांगितलं. आवाज चढवला नाही. पण शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल इतका ठेवला.

"मी पाटील नही शे, ताई. मी भीमवाडानी शे. तुम्ही ज्यास्ले महार म्हणतस, त्यामधली. बठ्ठा मांडा मन्हा हातना शेतस. वरीसभर तुमना पोरे मन्हाच हातनं खाई राहिनात."



एका बापानं ताट पुढे सारलं. दुसरा फोन आल्यासारखं करून उठला. तेजस्विनीची आई मोरीकडे धावली. आतून ओकारीचा आवाज येत होता, नुसताच आवाज. घशात बोटं घालून घालून थकली. उलटी होईना. माझा मांडा असा सहजी बाहेर येत नसतो.

तेजस्विनी खुर्चीवर बसून होती. मी तिच्याकडे पाहिलं. हिला रशियन येतं, हिला माणसाच्या आतड्यांची नावं येतात, हिनं माझ्या पेल्याचा ठिपका पाहिला होता. ती उठली. आईच्या मागे गेली. माझ्याकडे न बघता.

ते मी विसरलेले नाही. आईला माफ करीन एखाद वेळेस, तिला नाही. तिला सगळं माहीत होतं.

टेबलावर एजे एकटी उरली. लोक का उठले तिला कळेना. तिनं माझ्याकडे बघून ताट पुढे केलं. अजून एक वाढ.

भाऊ मला गॅलरीत घेऊन गेले. ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागली नाहीस."

"मीठ माझ्या हातचं होतं, भाऊ. जागायचं तुम्ही."

त्यांचा हात उठला होता. समोरच्या इमारतीच्या बाकावरच्या म्हाताऱ्या वर बघत होत्या, म्हणून खाली आला. तिकीट त्यांनीच काढलं, घाईघाईनं, मी आणखी कुणाला सांगू नये म्हणून. विमानात खापर मांडीवर घेऊन मी खिडकीतून पांढरे डोंगर बघत आले. रडले नाही. शिव्या आठवत होते. आठवतील तेवढ्या मनात दिल्या.

नंतर कळलं, दुसरी स्वयंपाकीण टिकली नाही, पोरं इकडेतिकडे पांगली, मेस बंद पडली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी गोड केलं.

आता मी धुळ्यात आहे. पारोळा रोडला आमचं मांड्याचं दुकान आहे, मी आणि माझी सून. दुकानावर मोठ्या अक्षरांत माझं नाव, आडनावासकट. शेजारच्यानं सुचवलं होतं, नुसतं 'अक्काचे मांडे' लिहा, सगळ्यांना चालेल. मी म्हटलं, सगळ्यांना चालावं म्हणूनच पूर्ण लिहिलंय. काही लोक नाव वाचून पुढे जातात. मी त्यांना पाठीमागून हाक मारते, "या ना भाऊ, चाखून तर बघा!" त्यांची चाल कशी वाढते ते बघायला मला आवडतं. म्हातारीला एवढी करमणूक हवीच.

मागच्या लग्नसराईत एक गाडी दुकानासमोर थांबली. भाऊ उतरले. काठी टेकत. वहिनी आत बसून राहिली, काच वर. नातवाचं लग्न होतं, मोठं कार्यालय घेतलेलं. म्हणाले, "अक्का, नातू हट्ट धरून बसलाय. मांडे तुमच्याच हातचे."

आता मी अक्का झाले होते. तुम्ही झाले होते.

मी खुर्ची दिली. सून कणीक मळत होती, तिचे हात थांबले. मी म्हटलं, येईन. खापरं घेऊन येईन, बाया घेऊन येईन, पहाटेपासून उभी राहीन. एकच अट. कार्यालयात तुमचा माइक असतो, वधूवरांना आशीर्वाद देणाऱ्या पुढाऱ्यांची नावं घेता ना तुम्ही त्यावर? पंगत वाढण्याआधी त्याच माइकवर माझं नाव घ्यायचं. पूर्ण नाव, गाव, आणि मी कोण, ते. तुम्ही स्वतः घ्यायचं, भाऊ, दुसऱ्या कुणी नाही. ज्याला उठायचं त्यानं तेव्हाच उठावं. मागाहून मोरीकडे धावण्याचे कष्ट नकोत.

भाऊ हसले. मला वाटतं, मी चेष्टा करते आहे असं त्यांना वाटलं. मी हसले नाही. मग त्यांनी गाडीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, दुकानावरच्या नावाकडे पाहिलं.

मी सुनेसमोरच त्यांना सांगितलं, आणि इथं लिहून ठेवते, म्हणजे माझ्या मागे तिला कुणी फिरवू नये. आमचं नाव घेतल्याशिवाय वरच्या आळीच्या एकाही पंगतीसाठी आमचं खापर तापणार नाही. हात हवा असेल तर सगळी बाई घ्यावी लागेल. नको असेल तर बाहेर उभं राहून वास घ्या. आम्ही तुमच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या तेच केलंय.

भाऊ काठीवर दोन्ही हात ठेवून थोडे पुढे वाकले. आवाज एकदम समजूतदार केला. म्हणाले,

"अहो अक्का, आता कोण पाळतं जातपात? पण माइकवर नको."